भिंतीवरची भुतं जुन्या बाजारात मिळतात

ऑक्टोबर उजाडला की हॅलोविनसाठी मॉलमध्ये प्लास्टिकचे सांगाडे, नायलॉनची कोळिष्टकं आणि बॅटरीवर खदाखदा हसणाऱ्या कवट्या येतात. घरी आणून भिंतीला लावल्या तर शेजारचं बारकं पोरसुद्धा त्यांच्या तोंडात बोट घालून बघतं. आता कोकणातल्या एखाद्या जुन्या घराचं माजघर डोळ्यांपुढे आणा. वर आढ्याजवळ पुढे कललेल्या काळपट फ्रेमांची रांग, आत टोपी-पगडीतली, अजिबात न हसणारी माणसं. रात्री पाणी प्यायला उठलेलं मूल त्या भिंतीकडे न बघता पळत जायचं. तिथे एकही कवटी नव्हती.

भुताटकीची भिंत करायची तर माझा नेम एवढाच: वस्तू घरगुती घ्यायची आणि तिच्यात एकच गोष्ट बिघडवायची. दोन बिघडवल्या की नाटक दिसायला लागतं. या लेखात अशा तीन वस्तू करू या: मागून कुणीतरी बघतंय असा आरसा, चालताना आतली बाई सरकते असा फोटो, आणि तुमच्यावर नजर ठेवणारं बंद घड्याळ. शिवाय त्या टांगायच्या कशा, कारण निम्मी गंमत टांगण्यात आहे.

बाजारात

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत भेंडी बाजाराजवळ मटण स्ट्रीटचा चोर बाजार आहे. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी भल्या पहाटे रस्त्यावर पथाऱ्या लागतात आणि आपल्याला हवा तो मोडका माल तिथेच सापडतो. छोट्या गावात राहत असाल तर भंगारवाल्याशी ओळख ठेवा. वाडा पाडायला काढला की मालकाच्या पुतण्याआधी त्याला कळतं. अमेरिकेत गुडविल, इंग्लंडात ऑक्सफॅम अशी वापरलेल्या वस्तूंची दुकानं आहेतच. तिथे मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जा, ऑक्टोबरमध्ये सगळा गाव त्याच कपाटांवर तुटून पडतो.

घ्यायचं काय? जाड लाकडी फ्रेमा (काच फुटलेली असली तर उत्तम, भाव पडतो), कडेने खराब झालेला आरसा, आणि मशीन मेलेलं टोल्यांचं घड्याळ, दार आणि काच शाबूत असलेलं. दुकानदाराला घड्याळ चालू होईल का, असं चुकूनही विचारू नका. तुम्हाला फक्त पेटी हवी आहे हे त्याला कळलं पाहिजे.

"अँटिक आहे साहेब, इंग्रजांच्या टायमाचं."

"असेल. पण काका, मशीन काढून घ्या आणि नुसत्या पेटीचं सांगा."

इथे आकडा खाली येतो, कारण मशीनचे सुटे भाग त्याला घड्याळजीला विकता येतात.

पैसे देण्याआधी फ्रेम उलटी करा आणि पांढऱ्या कागदावर धरून मागून चार टिचक्या मारा. मैद्यासारखी बारीक पूड पडली तर आत भुंगा जिवंत आहे. जुनी भोकं असून पूड पडत नसेल, तर किडा केव्हाच निघून गेला असण्याची शक्यता मोठी. पूड पडणारी फ्रेम कितीही देखणी असो, तिथेच ठेवा. एक फ्रेम घरातल्या सागवानी कपाटाचा बळी घेऊ शकते.

काय घ्यायचं नाही

भिंतीवरचं भयाण काही म्हटलं की पहिल्यांदा शिकारीची मुंडकी आठवतात: सांबराची शिंगं, बिबट्याचं तोंड. हात लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राण्यांच्या ट्रॉफी, कातडी, शिंगं मालकीच्या दाखल्याशिवाय बाळगता येत नाहीत आणि त्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. हस्तिदंताचंही तेच. "आजोबांच्या काळचं आहे" हे विकणाऱ्याचं म्हणणं तुमच्या कामाला येणार नाही.

दुसरं, देवादिकांच्या जुन्या छापील तसबिरी. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना मुंबईत 1894 साली सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथले मूळ छाप अजूनही पथारीवर बाकीच्या कागदांत मिसळून सापडतात. तसा छाप हाती लागला तर त्यावर काळा रंग फासू नका, जपा. आणि देवांच्या चित्रांना भुताचे डोळे काढणं मला मुळातच पटत नाही. त्याच कारणाने वेताळही माझ्या भिंतीवर नाही. तळकोकणात आणि गोव्यात तो ग्रामदेव आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक भक्तिभावाने चामड्याच्या चपला वाहतात. हडळ, मुंजा, समंध यांच्याबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही.

तिसरं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची जुनी घड्याळं. विसाव्या शतकात, साधारण साठच्या दशकापर्यंत, असल्या रंगात रेडियम घालत. चमक केव्हाच गेलेली असते, पण किरणोत्सर्ग राहतो. अशी तबकडी उघडायची नाही, खरवडायची तर नाहीच. घराची भिंत झपाटायची आहे, फुप्फुसं नव्हेत.

साफसफाई, फार नाही

फ्रेमा दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मऊ ब्रशने धूळ झाडा, पिळलेल्या फडक्याने पुसा. इथे थांबा. पॉलिश करायचं नाही. कोपऱ्यातला काळा मळ आणि हाताच्या तेलाने आलेली चकाकी यांचेच आपण पैसे दिले आहेत.

फ्रेम रंगवलेली असेल तर कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दशलक्षात 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही. घासायचंच असेल तर पाणी लावून घासा, चिखल फडक्याने टिपून टाकून द्या आणि लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

पहिली वस्तू: आरसा

हल्लीच्या आरशामागे पारा नसतो. काचेमागे चांदीचा अतिशय पातळ थर आणि त्यावर राखाडी किंवा तपकिरी रंगाचं कवच असतं. चांदीचा थर देण्याची ही रीत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1835 साली शोधली. त्याआधीचे आरसे कथील आणि खऱ्या पाऱ्याचे असत. तसा एखादा फार जुना आरसा मिळाला तर त्याची पाठ खरवडू नका, आहे तसाच लावा. पुढची कृती विसाव्या शतकातल्या साध्या आरशाची.

लागेल ते: पेंट रिमूव्हर, कपड्यांचं लिक्विड ब्लीच, जुना प्लास्टिकचा कार्ड (लोखंडी पत्तीने काचेवर ओरखडे उमटतात), रबरी हातमोजे, चष्मा, आणि गच्ची किंवा बाल्कनी. बंद बाथरूममध्ये हे काम करायचं नाही. ब्लीचजवळ टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणायचं नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो.

1. आरसा फ्रेममधून काढून वर्तमानपत्रावर उपडा ठेवा. जाड मार्करने पाठीवर आखून घ्या: कडेने वेडीवाकडी झालर, आणि मध्यापासून जरा बाजूला, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, तळहाताएवढा एक डाग.

2. आखलेल्या भागापुरतं पेंट रिमूव्हर लावा. रंग सुरकुतला की कार्डाने अलगद ढकला. रंग निघाला की खाली चांदी दिसते. पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

3. निम्मं ब्लीच, निम्मं पाणी स्प्रेच्या बाटलीत घेऊन उघड्या चांदीवर उडवा. मग वाट बघायची. काही आरशांवर अर्ध्या तासात तपकिरी-काळे ठिपके येतात, काही रात्रभर हलत नाहीत. स्वस्त आरशात चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा थर असतो. तो ब्लीचने बघता बघता साफ उडतो, म्हणून आधी एका कोपऱ्यात करून बघा.

4. ठिपके मनासारखे झाले की भरपूर पाण्याने धुवा. मधल्या डागात मात्र थोडी चांदी पूर्ण जाऊन आरपार काच दिसली पाहिजे. ओल्या कापसाने हलके चोळलं तर सैल झालेली चांदी निघते.

5. वाळल्यावर त्या डागामागे एका चेहऱ्याची कृष्णधवल प्रिंट लावा, खऱ्या चेहऱ्याच्या मापाची, फक्त एक डोळा आणि गालाचा भाग डागातून दिसेल अशी. बाकीच्या पाठीवर काळा स्प्रे मारा.

प्रिंट जरा गडद काढा. उजेडात तो डाग साध्या जुन्या आरशाचा वाटला पाहिजे. केस विंचरायला कुणी जवळ आलं की मगच आपल्या गालाशेजारी दुसरा गाल दिसतो. पूर्ण चेहरा दाखवायचा मोह होईल, तो टाळा. एक डोळा पुरतो.

दुसरी वस्तू: फोटोतली बाई

जुन्या बाजारात अनोळखी कुटुंबांचे फोटो गठ्ठ्याने मिळतात. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, खुर्चीवर बसलेले रावसाहेब, मागे उभी नऊवारीतली बायको, तिच्या हातात कागदी फुलं. ती कुणाची तरी पणजी आहे. म्हणून मूळ फोटोला मी कात्री लावत नाही. स्कॅन करून घेते आणि चेहरेही थोडे बदलते, जेणेकरून उद्या पाहुण्यांपैकी कुणी "अय्या, या आमच्या माई" म्हणायला नको.

मेलेल्यांना फोटोत उमटवण्याचा धंदा जुना आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या विल्यम मम्लरने 1860 च्या दशकात लोकांच्या फोटोंमागे त्यांचे दिवंगत नातेवाईक धूसर दाखवायला सुरुवात केली. 1869 साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून तो सुटला. आपण तीच युक्ती कॅमेऱ्याऐवजी दोन थरांनी करायची.

स्कॅनमधून फोटोतली बाई पुसून टाका. मोबाइलवरच्या साध्या ॲपनेही होतं. या बाईविरहित फोटोची प्रिंट मॅट कागदावर, लेझर प्रिंटरवरच काढा. कागद आपण चहाने रंगवणार आहोत आणि इंकजेटची शाई पाण्यात फुटते. कपभर पाण्यात दोन चमचे चहापूड उकळून कोमट झाली की रुंद ब्रशने प्रिंटवर फिरवा, कडांना दोनदा. वाळल्यावर कागद वाकडा होतो, तेव्हा जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा.

आता फक्त बाई, पन्नास टक्के फिकी करून, पारदर्शक शीटवर छापून घ्या. झेरॉक्सवाल्याला "ओएचपी शीट आहे का" विचारा. फ्रेममध्ये मागे फोटो, मग चारही कडांना पाच मिलिमीटर जाड सनबोर्डच्या (फोमच्या हलक्या पुठ्ठ्याच्या) पट्ट्या, त्यावर शीट, मग काच. पट्ट्या फ्रेमच्या कडेखाली झाकल्या जातात. बाई जिथे उभी होती तिथून बोटभर बाजूला बसवा.

समोरून बघितलं तर एक धूसर बाई. समोरून चालत गेलात तर बाई जागेवरून सरकते, रावसाहेब सरकत नाहीत. अंतर वाढवून दहा मिलिमीटर केलं तर सरकणं जास्त होतं, पण शीटची सावली मागे पडते आणि बिंग फुटतं. पाचच ठेवा.

तिसरी वस्तू: घड्याळ

खरं तर हा लेख मी या घड्याळासाठीच लिहायला घेतला. एखाद्या मुखवट्याची पोकळ बाजू आपल्याकडे केली, तरी मेंदू ती पोकळ आहे हे मानायलाच तयार होत नाही. आयुष्यभर त्याने फुगीर चेहरेच पाहिले आहेत. त्यामुळे पोकळ चेहरा बाहेर आलेला दिसतो, आणि तुम्ही डावीकडे सरकलात की तोही तुमच्याबरोबर वळल्यासारखा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1969 साली सुरू झालेल्या झपाटलेल्या हवेलीतले वळून बघणारे पुतळे याच तत्त्वावर आहेत. तिथे तिकीट आहे, आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा प्लास्टिकचा मुखवटा आहे.

घड्याळाचं मशीन दुकानदाराने काढलं नसेल तर घड्याळजीकडून काढून घ्या. चावी दिलेली स्प्रिंग आत ताणलेली असते. स्वतः पेच सोडवलेत तर ती हातावर येते. तबकडीही काढा. आता गोल काचेमागे रिकामी पोकळी मिळाली. आतल्या बाजूला काळा मॅट रंग द्या.

मुखवट्याच्या डोळ्यांची भोकं बाहेरच्या बाजूने कागदाने बुजवा. मग आतल्या, पोकळ बाजूला रंगवायला घ्या: राखाडीकडे झुकणारा त्वचेचा रंग, डोळ्यांच्या खोबणीत जरा गडद, ओठ जेमतेम वेगळे. डोळे उघडेच रंगवा आणि बुबुळं बरोबर मध्यात ठेवा. रंग मॅटच हवा. पोकळ पृष्ठभागावर चकाकी भलत्या ठिकाणी पडते आणि तेवढ्यावरून मेंदूला खरं कळतं.

काळ्या कार्डशीटला चेहऱ्याच्या आकाराची लंबगोल खिडकी कापा. मुखवट्याची कड या शीटच्या मागे चिकटवा, पोकळ बाजू आपल्याकडे. कड कुठेही दिसता कामा नये. हे सगळं तबकडीच्या जागी बसवा.

दिवा खालून. लंबकाच्या कप्प्यात बॅटरीवरचा छोटा पिवळसर एलईडी ठेवून त्याचा उजेड वर सोडा. खालून आलेला प्रकाश पोकळ चेहऱ्याच्या कपाळावर पडतो, आणि कपाळ उजळ असलेला चेहरा आपल्याला वरून उजेड पडलेला, म्हणजे नेहमीचा वाटतो. दिवा वर लावलात तर खेळ फसतो. निदान दोन-तीन मीटर लांबून बघायला जागा हवी, म्हणून लांब पॅसेजचं टोक किंवा जेवणाच्या टेबलासमोरची भिंत निवडा. काटे हवे असतील तर काचेच्या आतून चिकटवा. बारा वाजून पाच मिनिटं वगैरे करू नका, ते सगळेच करतात. साडेतीनची दुपार जास्त विचित्र वाटते.

टांगणं

हल्ली चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवतात. जुन्या घरांत ठेवत नसत. तुम्हीही 170-175 वर ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला मान किंचित वर करावी लागते. आणि फ्रेमा पुढे कलवा. त्यासाठी खालच्या कडेला आधार म्हणून भिंतीत दोन छोट्या लाकडी गुट्ट्या ठोका, फ्रेम त्यांवर टेकवा आणि वरच्या भागातल्या कड्यांतून तार ओवून मागच्या हुकाला जरा सैल बांधा. दीड फुटाच्या फ्रेमची वरची कड भिंतीपासून साधारण सात सेंटिमीटर पुढे आली की पुरे. आता ती माणसं तुमच्याकडे वाकून बघतात. फक्त घड्याळ सरळ ठेवा, कलवलं तर आतला दिवा दिसतो.

आधी वर्तमानपत्राचे त्या-त्या मापाचे तुकडे कापून मास्किंग टेपने भिंतीला लावा आणि दोन-चार दिवस तसेच राहू द्या. फ्रेमांमध्ये चार-पाच सेंटिमीटरच जागा सोडा, रांग दाट हवी.

मग रांगेत एक जागा मुद्दाम रिकामी ठेवा. त्या जागी फ्रेमएवढ्या चौकोनाला टेप लावून झाका, सभोवतालच्या भिंतीवर पातळ तपकिरी रंगाचं पाणी स्पंजने फिरवा आणि टेप काढा. मधे फिका चौकोन उरतो, वर एक खिळा ठोका. तिथला फोटो कुणी, का काढला, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. उत्तर देऊ नका.

ठोकाठोकीचं: विटांच्या भिंतीत घड्याळ आणि आरशासाठी सहा मिलिमीटरचं भोक, फिशर (स्क्रू धरणारी प्लास्टिकची गुट्टी) आणि निदान 40 मिलिमीटरचा स्क्रू, आरशाला दोन स्क्रू, जुन्या सुतळीवर भरवसा नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल चालवू नका, वायरी तिथूनच जातात. भाड्याचं घर असेल तर चिकटपट्ट्यांवर हलक्या फ्रेमाच लावा आणि पाकिटावरच्या वजनाच्या निम्मंच धरा. आरसा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला तरी चालतो, खाली घसरू नये म्हणून रबराचे तुकडे लावा.

उजेडाला 2200 ते 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, एकच मंद दिवा, कडेने येणारा. रंग बदलणारी जांभळी पट्टी लावलीत तर भिंतीचा पब होईल.

पावसाळ्यात

फ्रेमांच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळली पाहिजे. बाहेरच्या, पश्चिमेकडच्या भिंतीला ओल येत असेल तर ही रांग आतल्या भिंतीवरच करा. ओएचपी शीट आणि काच यांच्यामध्ये वाफ धरली तर बाईच्या भोवती धुकं दिसतं. ऐकायला छान आहे, पण पंधरा दिवसांत त्याची बुरशी होते, म्हणून जूनआधी फ्रेमच्या पाठीला कागदी टेप लावून सगळ्या फटी बंद करा. घड्याळातले सेल वापर नसताना काढून ठेवा, ते गळले की पितळी पट्ट्या खातात. आणि मुखवट्याचा रंग दमट हवेने कुठे चकाकायला लागला असेल तर मॅट वार्निशचा एक पातळ हात द्या, नाहीतर त्याची नजर फिरायची थांबते.